काढलेला सभासद पुन्हा दारात उभा राहतो तेव्हा



सभेत गोंधळ घालणाऱ्या माणसाला बाहेर काढणं फारसं अवघड नसतं. दोन धट्टेकट्टे पहारेकरी पुरतात. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुरू होतो. तोच माणूस पुन्हा दारात उभा राहिला, आणि आत येण्याचा रीतसर अधिकार हातात घेऊनच उभा राहिला, तर काय करायचं? ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सला हा प्रश्न अठराव्या शतकात पडला. त्याचं उत्तर चुकलं, हे कबूल करायला त्या सभागृहाला तेरा वर्षं लागली.

माणसाचं नाव जॉन विल्क्स. पुढे लोकांनी त्याला स्वातंत्र्यवीर केलं, म्हणून आपण त्याला साधुसंत समजायचं कारण नाही. तो भांडखोर होता, कर्जबाजारी होता, आणि दुसऱ्याला डिवचण्यात त्याला मनापासून आनंद वाटे. ‘द नॉर्थ ब्रिटन’ नावाचं त्याचं साप्ताहिक होतं. २३ एप्रिल १७६३ च्या ४५व्या अंकात त्याने राजाच्या भाषणावर, म्हणजे मंत्र्यांनी राजाच्या तोंडी घातलेल्या भाषणावर, सडकून टीका केली. सरकारने कुणाचंच नाव नसलेलं जनरल वॉरंट काढून ४९ जणांना धरलं. शिवाय विल्क्सने खाजगीत छापलेली एक अश्लील कविता मिळवून लॉर्डांच्या सभागृहात मोठ्याने वाचून दाखवली. विल्क्स पॅरिसला पळाला. जानेवारी १७६४ मध्ये कॉमन्सने त्याला सभासदत्वावरून काढून टाकलं.

प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण १७६८ मध्ये विल्क्स परतला, मिडलसेक्समधून निवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला. जुन्या खटल्यांत त्याला बावीस महिन्यांची कैद झाली. फेब्रुवारी १७६९ मध्ये सभागृहाने त्याला पुन्हा काढलं.

या दुसऱ्या हकालपट्टीचा ठराव बारकाईने बघण्यासारखा आहे. त्यात सगळं एकत्र बांधलं होतं: ४५वा अंक, अश्लील लेखन, एका मंत्र्याच्या पत्रावरची टिप्पणी आणि कैदेची शिक्षा. जॉर्ज ग्रेनव्हिलने ठरावाला विरोध केला. हाच ग्रेनव्हिल १७६४ च्या कारवाईच्या वेळी पंतप्रधान होता, म्हणजे विल्क्सचा तो काही मित्र नव्हे. आरोपांची अशी मोळी बांधू नका, असं त्याचं म्हणणं. का? समजा दहा सभासदांना पहिला आरोप पटतो, दुसऱ्या दहांना दुसरा पटतो. वेगवेगळं मत घेतलं तर एकही आरोप टिकणार नाही. मोळी केली की बहुमत होतं. मग माणूस नेमका कशासाठी गेला, हे कुणालाच सांगता येत नाही. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पुढे जे घडलं ते जवळजवळ प्रहसनच. पोटनिवडणूक लागली, आणि विल्क्स तुरुंगातूनच बिनविरोध निवडून आला. दुसऱ्याच दिवशी सभागृहाने ठरवलं की ज्याला काढलं तो या पार्लमेंटात निवडून येण्यास अपात्र आहे. मार्चमध्ये तो पुन्हा निवडून आला. निवडणूक रद्द झाली. एप्रिलमध्ये सरकारने हेन्री लटरेल नावाचा उमेदवार उभा केला. विल्क्सला ११४३ मतं पडली, लटरेलला २९६. सभागृहाने निकाल दिला की लटरेल विजयी.

बघा, गाडी कुठून कुठे आली! आरंभी प्रश्न एका उपद्रवी माणसाचा होता. आता ११४३ मतदारांची मतं पुसली गेली होती. हकालपट्टी आणि अपात्रता या आपल्याला एकाच गोष्टीच्या दोन पायऱ्या वाटतात, पण त्यांची जातच वेगळी आहे. हकालपट्टी त्या माणसाच्या वर्तनावरचा निवाडा असतो. अपात्रतेने त्याला पाठवणाऱ्यांचा अधिकार कापला जातो, आणि त्यांनी तर काहीच गुन्हा केलेला नसतो.

विल्क्सला या सगळ्याचा फायदाच झाला. १७७४ मध्ये तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला, त्याच वर्षी मिडलसेक्समधून पुन्हा निवडून आला, आणि या वेळी त्याला कुणी अडवलं नाही. आत आल्यावर तो पुष्कळ निवळला. १७८० च्या गॉर्डन दंगलीत तर हा जुना दंगेखोर बँक ऑफ इंग्लंडच्या रक्षणासाठी जमावासमोर उभा राहिला. १७६९ चा ठराव नोंदवहीतून काढावा, असा प्रस्ताव तो वारंवार मांडत राहिला. ३ मे १७८२ रोजी तो ११५ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर झाला. मतदारांच्या हक्कांना बाधक म्हणून मूळ नोंद काढून टाकण्यात आली.

कुणी म्हणेल, एका टवाळखोरासाठी एवढा खल कशाला? आपल्याकडे म्हणतात ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. शंभर वर्षांनी तेच दार चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासाठी बंद झालं. १८८० मध्ये ते नॉर्दम्प्टनहून निवडून आले. ते निरीश्वरवादी होते, म्हणून सभागृह त्यांना शपथ घेऊ देईना. त्यांनी कुणाला शिवी दिली नव्हती. तरी त्यांना एक रात्र क्लॉक टॉवरमध्ये कोंडलं, १८८१ मध्ये धक्के मारून बाहेर काढलं. मतदार त्यांनाच पुन:पुन्हा पाठवत राहिले. १८८६ मध्ये अखेर स्पीकरनेच आक्षेप ऐकून घ्यायला नकार दिला आणि ब्रॅडलॉ आत बसले. हेच ब्रॅडलॉ १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. उपद्रव देणाऱ्यासाठी बनवलेलं कुलूप नावडत्या माणसालाही लागतं, ते असं.

आणि हा प्रश्न काही लंडनपुरता नाही. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने गैरवर्तनाच्या आरोपावरून बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, त्या अधिवेशनापलीकडचं निलंबन टिकणार नाही, असा निर्णय दिला. आमदाराला काढून टाकलं तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घेता येते. वर्षभराच्या निलंबनात जागा रिकामीही होत नाही आणि मतदारसंघाला आवाजही राहत नाही. म्हणून न्यायालयाने ते हकालपट्टीहून वाईट मानलं. आमदारांचं वर्तन चांगलं होतं, असं प्रमाणपत्र यात कुठेच नाही.

म्हणजे सभेने गोंधळ मुकाट सोसायचा का? मुळीच नाही. बोलू न देणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार नसेल तर सभा उरणार नाही, बाजार उरेल. पण आम्हाला वाटतं, त्या अधिकाराला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. शिक्षा नेमक्या कोणत्या कृत्याबद्दल आहे? ती कधी संपणार? आणि तिचा भार आणखी कुणावर पडतो? १७६९ च्या कॉमन्सला यांतल्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नसतं.

एवढं बोलून आम्ही थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.