एकाचे दोन स्वर: वेरूळच्या लेण्यापासून बेस गिटारच्या पेडलपर्यंत

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळचे दहावे लेणे आहे. सातव्या-आठव्या शतकातील हे चैत्यगृह. छतावर लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरलेल्या, म्हणून लोकांनी त्याला 'सुतार का झोपडा' म्हटले. आत कोणी मंत्र म्हटला की कमानदार छत तो परत देते. दगडी भिंतीपासून चार मीटरवर उभ्या माणसाचा आवाज आठ मीटरचा फेरा करून सुमारे २३ मिलिसेकंदांनी त्याच्याच कानी येतो. इतक्या अल्प विलंबाने आलेला आवाज वेगळा प्रतिध्वनी वाटत नाही. मूळ स्वरच भरदार होतो.

विसाव्या शतकात खोक्यात कोंडला गेला तो हाच विलंब.

मात्र दगड स्वर जसाच्या तसा परत करतो. दहा जण एकत्र गातात तेव्हा प्रत्येकाचा स्वर किंचित चढा, किंचित उतरता, किंचित मागे असतो. 'कोरस' पेडल या मानवी चुकीची नक्कल करते: मूळ स्वराची प्रत काही मिलिसेकंद मागे ठेवते आणि तो विलंब सतत हलता ठेवते.

'फ्लँजर'चा उगम ध्वनिफितीत आहे. एकच मुद्रण दोन यंत्रांवर लावायचे आणि एका चकतीच्या कडेला बोट टेकवून ते क्षणभर मंद करायचे. या कडेलाच इंग्रजीत फ्लँज म्हणतात. नाव तिथूनच आले असे मानले जाते, तरी त्याचे श्रेय बीटल्सच्या स्टुडिओतील एका विनोदालाही दिले जाते. १९५९ मध्ये टोनी फिशरच्या 'द बिग हर्ट' या गाण्यात हा घोंघावता परिणाम घरोघरी पोहोचला. १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत केन टाउनसेंड याने आवाज आपोआप दुहेरी करण्याची युक्ती काढली. जॉन लेननला तेच गाणे पुन्हा गाण्याचा कंटाळा होता.

दोन अवजड यंत्रे पायाखाली मावणे शक्य नव्हते. १९६९ मध्ये फिलिप्स कंपनीच्या सँगस्टर आणि टीअर या संशोधकांनी मार्ग दाखवला. आग विझवताना माणसे हातोहात बादल्या पुढे देतात, तसा विद्युतभार एका संधारित्रातून पुढच्यात सरकवायचा. याच तत्त्वावर १९७५ चा रोलँडचा 'जेसी-१२०' अँप्लिफायर आणि १९७६ चे बॉसचे 'सीई-१' हे पेडल उभे राहिले.

ही साधने प्रामुख्याने गिटारसाठी होती. बेसवाल्यांचा विचार नंतर झाला, आणि तिथेच घात होता. बेसच्या सर्वांत खालच्या तारेचे एक कंपन सुमारे २४ मिलिसेकंदांचे. प्रत १२ मिलिसेकंद मागे पडली की मूळ स्वर वर जाताना ती खाली येते. दोघे एकमेकांना खातात. कोरसचा विलंब नेमका याच टापूत फिरतो. परिणामी गाण्याचा पाया लाटेसारखा येतो आणि जातो, आणि ढोलकिया बिचारा एकटा पडतो.

जॉय डिव्हिजनच्या पीटर हूकने तोडगा काढला तो वादनातून. बेसच्या वरच्या तारांवर धून वाजवून त्याने कोरस असा वापरला की तो बँडची ओळखच बनला. पुढे बॉसच्या 'सीईबी-३' या बेससाठीच्या पेडलवर खालच्या स्वरांना परिणामातून वगळणारे बटण आले.

मिरजेच्या तंबोऱ्यात हे शहाणपण आधीच आहे. जोडीच्या दोन तारा एकाच षड्जावर. कितीही जुळवल्या तरी त्यांत सूक्ष्म फरक उरतो आणि नाद झुळझुळतो. खर्जाची तार मात्र एकच. दुहेरी वर, एकेरी खाली.

म्हणून बेससाठी कोरस घेताना खालचे स्वर वगळण्याची सोय, किंवा निदान मूळ स्वर मिसळण्याचे बटण, आधी पाहावे. फ्लँजरचा विलंब तीन मिलिसेकंदांच्या आत ठेवल्यास त्याची पहिली पोकळी सुमारे १६७ हर्ट्झच्या वर राहते आणि खालची तार शाबूत राहते. पुनरावृत्तीचे, म्हणजे 'फीडबॅक'चे बटण सावकाश फिरवावे. महाविद्यालयाच्या सिमेंटी सभागृहात मात्र 'डेप्थ' घरच्या सरावापेक्षा कमीच ठेवावी. तिथल्या भिंती वेरूळच्या दगडाचे काम आधीच करीत असतात.