खरी कमाई

मागच्या आठवड्यात लेकीच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला. येत्या शनिवारी स्काऊट-गाईडतर्फे 'खरी कमाई'. मुलांनी घरून खाद्यपदार्थ करून आणावेत, किंमत १० ते २० रुपयांच्या मध्ये ठेवावी, पालकांनी सुट्टे पैसे घेऊन यावे.

झालं! म्हणजे भेळेचं सामान मी आणणार, चटण्या बायको करणार, लेक स्टॉलवर उभी राहणार आणि भेळ विकत घ्यायला परत मीच जाणार. पैसे माझ्या एका खिशातून निघून दुसऱ्या खिशातूनच खर्च होणार. यात कमाई कुठे आणि खरी कुठली, देव जाणे.

तक्रार नाही हो. मेळाव्यात मजा येतेच. पण तो शब्द वाचला आणि डोक्यात एक जुनं कार्ड आलं. पिवळसर, चार रकान्यांचं. त्या कार्डाकडे येतोच, पण त्याआधी दोन विकांत खर्च करून जे वाचलं ते सांगतो. सातवीपर्यंत दर शनिवारी सकाळी मी ज्या प्रकारात रांगेत उभा राहिलो, तो नेमका काय होता, हे मला चाळिशी आल्यावर कळावं याची थोडी लाज वाटतेय.

स्काऊटची मूळ कल्पना इंग्लंडची, पण तिचा पहिला ड्राफ्ट बराचसा भारतात झाला. रॉबर्ट बेडन-पॉवेल हा घोडदळातला अधिकारी १८७६ साली, एकोणीस वर्षांचा असताना हिंदुस्थानात आला. पुढे १८९०च्या दशकाच्या अखेरीला मेरठला असताना तो सैनिकांना टेहळणी शिकवायचा. माग कसा काढायचा, खुणा कशा वाचायच्या, एकट्याने डोकं कसं चालवायचं. त्याचं त्याने एक छोटं पुस्तक केलं, ते १८९९ साली आलं. पुस्तक सैनिकांसाठी होतं. पण त्याच वर्षी बोअर युद्ध पेटलं, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग गावाला २१७ दिवस वेढा पडला आणि गाव राखणारा बेडन-पॉवेल इंग्लंडात एकदम हीरो झाला. वेढ्याच्या काळात गावातल्या पोरांची एक तुकडी निरोप पोचवायचं काम करत होती. आधी गाढवांवरून, मग सायकलींवरून. हा माणूस परत मायदेशी गेला तर त्याचं सैनिकी पुस्तक शाळकरी पोरंच वाचत होती!

मग त्याने एक पायलट प्रोजेक्ट केला (आपल्या भाषेत). ऑगस्ट १९०७, ब्राउनसी नावाचं छोटं बेट, वीस-बावीस मुलं, आठवडाभराचा तंबूतला मुक्काम. चार संघ: लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू नावाचा एक पाणपक्षी. प्रत्येक संघाच्या खांद्यावर वेगळ्या रंगाच्या लोकरीचा झुपका. सकाळी उठवायला बिगुल नाही, तर आफ्रिकेतून आणलेलं कुडू हरणाचं शिंग.

यातली एक गोष्ट वाचून मी थांबलो. ही मुलं मुद्दाम दोन थरांतून घेतली होती. निम्मी ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली, निम्मी आसपासच्या गावांतली कामकरी घरांतली. शिबिराची फी दोघांना सारखी नव्हती. बड्या शाळेच्या मुलाला एक पौंड, गावातल्या मुलाला साडेतीन शिलिंग. वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे जवळपास सहापट फरक. तंबूत मात्र दोघं शेजारी-शेजारी. आम्हाला सर सांगायचे की गणवेश यासाठी, की कोण कुणाचा मुलगा ते कळू नये. गणवेशाआधी फीचा विचार केला होता, हे कुणी सांगितलं नव्हतं.

१९०८ साली त्याचं मुलांसाठीचं पुस्तक पाक्षिक हप्त्यांनी निघालं आणि हां हां म्हणता मुलांनी आपापल्या गल्लीत संघ काढले. वरून आदेश नाही, काही नाही. पुढे त्यांची संघटना बांधावी लागली.

हिंदुस्थानात १९०९ साली बंगळुरात पहिलं पथक निघालं. १९११ साली जबलपूरला मुलींची पहिली गाईड कंपनी. पण हे सगळं युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. 'नेटिव्ह' पोरांना प्रवेश नाही. सरकारची भीती अगदी समजण्यासारखी आहे. माग काढणं, नकाशे वाचणं, रानात राहणं आणि गटाने काम करणं हे हिंदी तरुणांना शिकवायचं? तेही बंगालात बॉम्ब फुटत असताना?

आपल्या लोकांनी मग काय केलं? फोर्क केलं! सोर्स कोड उघडाच होता, पुस्तक दुकानात मिळत होतं. १९१६ साली अॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासला हिंदी मुलांची वेगळी स्काऊट संघटना काढली. टोपीऐवजी पगडी, इंग्रजी गाण्यांऐवजी देशी गाणी. उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. या मुलांचं मुख्य काम जत्रा-मेळ्यांत. चुकलेली माणसं शोधणं, पाणी देणं, गर्दी आवरणं. पाश्चात्त्य खेळाला इथल्या मातीतलं काम मिळालं ते बहुधा तिथेच.

१९२१ साली बेडन-पॉवेल स्वतः आला, बेझंटबाईंची संघटना मुख्य प्रवाहात आली, सेवा समिती मात्र बाहेरच राहिली. त्या काळच्या शपथेत ईश्वराच्या पाठोपाठ राजा होता. गांधीजींचं असहकार आंदोलन ऐन भरात आणि शाळकरी पोराने हात वर करून इंग्लंडच्या राजाला वचन द्यायचं, हे किती जणांच्या घशाखाली उतरणार? नंतर १९३७ साली दिल्लीला मोठी जांबोरी झाली. म्हातारा बेडन-पॉवेल पुन्हा आला, पण त्यानंतर भारतीयांच्या चारित्र्याबद्दल त्याने काढलेल्या अनुदार उद्गारांवरून असा काही गदारोळ उठला की १९३८ साली हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन ही आणखी एक वेगळी चूल मांडली गेली. ज्या माणसाने मेरठमध्ये बसून आपली विद्या पक्की केली, त्याने असं बोलावं याचं मला अजून नवल वाटतं.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा म्हणूनच एक नाही, अनेक स्काऊट संघटना होत्या. ब्रँचेस मर्ज करणं किती कटकटीचं असतं हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे. इथे तर प्रत्येक ब्रँचला स्वतःचा इतिहास, झेंडा आणि अपमान. नेहरू, शिक्षणमंत्री मौलाना आझाद, मंगलदास पक्वासा यांनी मध्यस्थी केली आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकच संस्था झाली. गाईड्स रीतसर आल्या १५ ऑगस्ट १९५१ला. शपथेतून राजा गेला, देश आला. आणि ज्याला 'ईश्वर' म्हणायचं नसेल त्याने 'धर्म' म्हणावं अशी मोकळीकही ठेवली गेली. मला हे फार आवडलं.

या विलीनीकरणात एक नागपूरकर होते, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस. तेव्हा ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या पत्नी आयरीन या १९४६ सालचं शांततेचं नोबेल मिळवणाऱ्या जॉन मॉट यांच्या कन्या. या बाईंनी एका खेड्यातल्या पोराची गोष्ट लिहिली, 'तोताराम' नावाची. हे दांपत्य सुट्टीत मोटार काढून थेट युरोपापर्यंत जायचं म्हणे! माझा जन्म विदर्भातला, शाळा तिथली, आणि हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. असो.

१९५२-५३च्या मुदलियार आयोगाने सरकारने स्काऊट चळवळीला पैसा आणि शिबिरांना जागा द्यावी अशी शिफारस केली, १९५६ साली पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र झालं, आणि हळूहळू हा प्रकार गावोगावच्या शाळांच्या वेळापत्रकात येऊन बसला. आमचे सरही पचमढीला जाऊन आलेले. 'पचमढीला असताना' या दोन शब्दांनी त्यांची निम्मी वाक्यं सुरू व्हायची.

आमच्या शाळेत चौथीपर्यंत कब आणि बुलबुल, पाचवीपासून स्काऊट आणि गाईड. कबच्या सरांना 'अकेला' म्हणायचं. का, ते कुणी विचारलं नाही. ते 'जंगल बुक'मधल्या लांडग्याचं नाव आहे, आणि त्या गोष्टीतलं सिवनीचं जंगल आमच्या गावापासून एसटीने अर्ध्या दिवसावर होतं. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने अमेरिकेत बसून लिहिलेल्या गोष्टीतला हिंदी नावाचा लांडगा, एका इंग्रजाच्या हँडबुकातून फिरून आमच्या वर्गात आलेला!

आता ते कार्ड.

खरी कमाई म्हणजे तेव्हा स्टॉल नसायचे. एक आठवडा, दारोदार जायचं, "काही काम आहे का?" विचारायचं. काम करायचं, पैसे घ्यायचे, कार्डावर लिहून सही घ्यायची. इंग्लंडातही १९४९पासून स्काऊटची पोरं असंच एका कामाला एक शिलिंग घेत फिरायची. आमच्याकडे चार आणे, आठ आणे. जमलेला पैसा पथकाच्या फंडात.

सातवीत मी संघनायक होतो. राखाडी शर्ट, निळी हाफपँट, स्कार्फ, शिट्टी. दर शनिवारी गणवेशाचे गुण मीच मांडायचो. माझ्या संघात एक मुलगा होता, त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. तो शाळेच्याच पांढऱ्या शर्टात यायचा आणि गळ्यात आईच्या जुन्या लुगड्याचा त्रिकोणी तुकडा. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन, सगळ्या गाठी पाठीमागे हात ठेवून मारायचा. पण गणवेशाचे गुण दर वेळी त्याच्यामुळे जायचे. एका शनिवारी ढाल दोन गुणांनी गेली आणि मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, "तू शनिवारी येतच नको जाऊस."

खऱ्या कमाईचा आठवडा आला. माझ्या कार्डावर नऊ नोंदी आणि १४ रुपये. आत्या, दोन मावश्या, शेजारच्या काकू. कामं सांगायची तर कुंडीला पाणी, पेपरांची घडी. मावशीने तर "काम नको रे, लाडू खा" म्हणून दोन रुपये दिले आणि सही केली. त्याच्या कार्डावर एकच नोंद. 'सायकलचे दुकान. पंक्चर काढणे. सात दिवस. २१ रुपये.' खाली दुकानदाराचा अंगठा. तो तिथे रोज संध्याकाळी कामाला असायचा. आम्हाला माहीत नव्हतं, म्हणजे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

सरांनी त्याला बाजूला घेतलं. "हे घरचे पैसे आहेत ना? घेऊन जा." तो म्हणाला, "कार्डावर लिवलं नं सर." पैसे ठेवले आणि गेला.

पुढच्या महिन्यात शिबिर होतं, जिल्ह्याच्या ठिकाणी, तीन दिवस. फी ३० रुपये, सगळ्यांना सारखी. तो आला नाही. मला वाटलं माझ्या बोलण्याचा राग असेल, आणि तसं वाटल्याने उलट बरंच वाटलं होतं. साडेतीन शिलिंगांचं वाचेपर्यंत मी तो हिशोब दुसऱ्या बाजूने मांडलाच नव्हता. फंडात त्याचे २१ होते. ९ रुपये कमी पडत होते.

तर परवाच्या शनिवारी भेळ ४० प्लेट खपली. रविवारी मी आठवेल तसं चार रकान्यांचं कार्ड आखून लेकीला दिलं. सोसायटीतल्या पहिल्या तीन घरांत "अगं काम कसलं, हे घे चॉकलेट" झालं. मग ती खाली इस्त्रीवाल्या काकांकडे गेली. त्यांनी तिला तासभर कपडे फ्लॅट नंबरप्रमाणे लावायला बसवलं. बी विंगचे दोन गठ्ठे चुकले तर परत लावायला सांगितले. १५ रुपये दिले. सही कुठे करायची ते विचारून, पाटावर कार्ड नीट ठेवून, सावकाश पूर्ण नाव लिहिलं.

संध्याकाळी ती मला विचारत होती, "बाबा, पैसे कुणाला द्यायचे?"