पडदा आणि पेटी

चित्रपट काढणाऱ्यानें तो लोकांस केव्हां विकावा हें त्याचें त्यानें ठरवावें, असा सर्वत्र प्रघात आहे. चित्रगृहांतील खेळ संपल्यावर तोच चित्रपट किती दिवसांनीं घरबसल्या पाहावयास मिळावा, हा बहुतेक देशांत निर्माते व चित्रगृहांचे मालक यांच्यामधील सौद्याचा विषय समजला जातो. फ्रान्समध्यें मात्र तो कायद्याचा विषय झाला, व त्याचा निकाल लागण्यास युरोपच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत जावें लागलें. हा इतिहास आमच्या वाचकांस मनोरंजक वाटेल.

१९७५ सालीं सोनी कंपनीनें बीटामॅक्स व पुढच्याच वर्षीं जेव्हीसीनें व्हीएचएस हीं यंत्रें जपानांत विक्रीस आणिलीं. १९७७ मध्यें अमेरिकेंतील आंद्रे ब्ले या गृहस्थानें फॉक्स कंपनीकडून पन्नास चित्रपटांचे हक्क घेऊन त्यांच्या फिती विकण्यास आरंभ केला. तोंपर्यंत बोलपट ही पाहून घरीं परतण्याची गोष्ट होती. ती आतां कपाटांत ठेवण्याची वस्तु झाली. फ्रान्समधील चित्रगृहांच्या चालकांना याची धास्ती वाटणें स्वाभाविकच होतें. १९५७ सालीं त्या देशांत सुमारें ४१ कोटी तिकिटें खपलीं होतीं. १९८२ पर्यंत तो आंकडा २० कोटींवर आला होता. दूरचित्रवाणीनें एवढें नुकसान केलें, तर ही नवी पेटी काय करील?

सरकारलाही या पेटीचा राग होता, पण त्याचें कारण निराळें. ती जपानी होती. १९८२ च्या ऑक्टोबरांत असा हुकूम निघाला कीं, परदेशांतून येणारें प्रत्येक व्हिडिओ यंत्र प्वातिए या गांवच्या जकात नाक्यावरून गेलें पाहिजे. प्वातिए समुद्रापासून दूर, नाका लहान, कारकून मोजके. यंत्रांचे ढीग सांचले. इसवी सन ७३२ मध्यें याच गांवाजवळ चार्ल्स मार्तेलनें अरबांची फौज अडविली होती, हा योग थट्टेखोरांच्या नजरेंतून सुटला नाहीं. कांहीं महिन्यांतच हुकूम मागें घ्यावा लागला.

कायद्याचा मार्ग अधिक टिकाऊ ठरला. २९ जुलै १९८२ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, चित्रगृहांत दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटाची फीत सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ठरेल तितका काळ बाजारांत येऊं नये; पुढच्या जानेवारींतील हुकुमानें ही मुदत एक वर्ष झाली. ज्या चित्रपटास गिऱ्हाईक मिळालें नाहीं त्यास सवलत मिळण्याची सोय होती. लवकरच वाद उभा राहिला. ओशिमा या जपानी दिग्दर्शकाचा युद्धकैद्यांच्या छावणीवरील चित्रपट फ्रान्समध्यें 'फ्युर्यो' या नांवानें लागला होता. त्याची फीत वर्ष भरण्यापूर्वींच विकली जाऊं लागली, तेव्हां चित्रगृहांच्या संघानें फिर्याद केली. विक्रेत्यांचें म्हणणें असें कीं, शेजारच्या देशांत राजरोस विकली जाणारी वस्तु येथें अडविणें म्हणजे युरोपांतील मुक्त व्यापाराचा करार मोडणें होय. पॅरिसच्या न्यायालयानें प्रश्न लक्झेंबर्गला पाठविला. ११ जुलै १९८५ रोजीं तेथील न्यायालयानें निकाल दिला कीं, हा नियम देशी व परदेशी फितींस सारखाच लागूं असून चित्रपटनिर्मितीस उत्तेजन देण्याच्या हेतूनें चित्रगृहास अग्रमान देणें करारास बाधक नाहीं; मात्र अडथळा त्या हेतूस अवश्य असेल त्याहून अधिक असूं नये.

या निकालामागें एक व्यवहार आहे, तो ध्यानांत घेतल्यावांचून फ्रेंचांचा हट्ट समजत नाहीं. १९४८ पासून तेथें प्रत्येक तिकिटावर कर आहे. हल्लीं तो शेंकडा १०.७२ असून त्याचा पैसा १९४६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जातो व त्यांतून नव्या फ्रेंच चित्रपटांस मदत मिळते. अमेरिकन बोलपटाचें तिकीट काढणाराही नकळत उद्यांच्या फ्रेंच बोलपटास हातभार लावितो. चित्रगृह ओस पडलें तर ही विहीरच आटते. आम्हांस हा युक्तिवाद सबळ वाटतो. तथापि ज्या खेड्यांत चित्रगृहच नाहीं तेथील माणसानें वर्षभर कां थांबावें, याचें उत्तर त्यांत मिळत नाहीं.

हिंदुस्थानांत १९८४ मध्यें लेखाधिकाराचा कायदा सुधारला, तो चोरट्या फितींस आळा घालण्यासाठीं. मुदतीचा त्यांत शब्द नाहीं. येथें धंद्यांतील मंडळीच आपसांत ठरवितात. टाळेबंदीच्या काळांत, जून २०२० मध्यें, 'गुलाबो सिताबो' हा चित्रपट चित्रगृहांस वगळून थेट घरांत आला, तेव्हां चित्रगृहवाल्यांनीं संताप व्यक्त केला, पण दाद मागावी असा कायदा नव्हता.

फ्रान्समध्यें २००९ पासून फितीची मुदत चार महिन्यांवर आली. पण वर्गणी घेऊन चित्रपट दाखविणाऱ्या कंपन्यांस तीन वर्षें थांबावें लागे. त्यामुळेंच २०१७ सालीं नेटफ्लिक्सनें कान महोत्सवांतील आपले दोन चित्रपट फ्रेंच चित्रगृहांत लावण्याचें नाकारलें, आणि महोत्सवानें पुढच्या वर्षापासून अशा चित्रपटांस स्पर्धेचें दार बंद केलें. २०२२ च्या तडजोडींत नेटफ्लिक्सला पंधरा महिने मिळाले, इतरांना सतरा. डिस्नेनें त्याच वर्षीं रुसून 'स्ट्रेंज वर्ल्ड' हा चित्रपट फ्रान्सच्या एकाही चित्रगृहांत लाविला नाहीं. २०२५ च्या आरंभीं त्या कंपनीनें फ्रेंच चित्रपटांवर अधिक पैसा खर्चण्याचें कबूल केलें, तेव्हां तिची मुदत नऊ महिन्यांवर आली.