भुयारी रेल्वे कोणासाठी?

बोरीबंदर-ठाणे गाडीला दहा वर्षेही पुरी झाली नव्हती, तेव्हा १० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातली पहिली भुयारी प्रवासी रेल्वे लोकांसाठी खुली झाली. तिच्यासाठी वर्षानुवर्षे झटलेले सिटीचे सॉलिसिटर चार्ल्स पिअर्सन तो दिवस पाहायला हयात नव्हते. १८६२च्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले होते. मजुरांनी कोंदट गल्ल्या सोडून शहराबाहेर मोकळ्या हवेत राहावे आणि स्वस्त गाडीने कामावर यावे, हा त्यांचा ध्यास होता.

प्रत्यक्षात घडले ते वेगळे. रस्ता खणायचा, कमान बांधायची आणि वर पुन्हा रस्ता करायचा, अशी बांधणीची रीत होती. जिथे रस्ता नव्हता, तिथे, विशेषतः फ्लीटच्या खोऱ्यात, गरिबांची वस्ती पाडली गेली. भरपाई घरमालकांना मिळाली. आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्यांच्या हाती काहीच आले नाही. ती माणसे शेजारच्या गल्ल्यांत आणखी दाटीने राहू लागली.

पहाटेच्या स्वस्त कामगार-गाड्या १८६४मध्ये सुरू झाल्या, पण तोवर घरे गेली होती. म्हणून अशा रेल्वेचा इतिहास उद्घाटनापासून नव्हे, तर पहिले घर रिकामे झाले तेव्हापासून मोजायला हवा.