शिक्का प्रेक्षकांचा, किंमत कलावंताची

पुण्याच्या बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकाजवळ एक जुने चित्रपटगृह आहे. इंदूरच्या किबे घराण्याच्या मालकीचे हे चित्रपटगृह १९३४ मध्ये सुरू झाले आणि ‘प्रभात फिल्म कंपनी’शी असलेल्या नात्यामुळे पुणेकरांच्या तोंडी त्याचे नाव ‘प्रभात’ असेच रुळले. २०१४ च्या अखेरीस ते दामले कुटुंबाकडून पुन्हा किबे कुटुंबाकडे गेले आणि ‘किबे लक्ष्मी’ हे मूळ नाव परत आले. ऐंशी वर्षे या वास्तूने मराठी प्रेक्षकाची आवडनिवड जवळून पाहिली. प्रेक्षक कलावंतावर प्रेम करतो, आणि त्याच प्रेमापोटी त्याला एका साच्यात कसा बंद करून टाकतो, याची कथाही याच नावाभोवती गुंफलेली आहे.

या कथेचे दोन नायक आहेत : बालगंधर्व आणि विष्णुपंत पागनीस. दोघेही मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. दोघांनीही ‘प्रभात’च्या चित्रपटात संताची भूमिका केली, आणि तीही अवघ्या एका वर्षाच्या अंतराने. एकाला प्रेक्षकांनी जुन्या रूपातून बाहेर पडू दिले नाही. दुसऱ्याला नव्या रूपातून.

‘धर्मात्मा’चा धडा

कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्यास आली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटाने तिची कीर्ती झालीच होती. याउलट बोलपटांच्या आगमनाने नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले होते. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांच्या ‘गंधर्व नाटक मंडळी’वर कर्जाचा भार होता. शकुंतला, भामिनी, सिंधू, रुक्मिणी अशा भूमिकांनी त्यांनी महाराष्ट्राला तीन दशके मोहिनी घातली होती. त्यांच्या शालूंची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत, हे तर सर्वश्रुतच आहे.

अशा नटाला घेऊन ‘प्रभात’ने १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ काढला. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम आणि बालगंधर्वांची भूमिका होती संत एकनाथांची. अस्पृश्यतेविरुद्धचा विषय काळाशी सुसंगत होता. चित्रपटाचे आधीचे नाव ‘महात्मा’. परंतु त्यातून गांधीजींचा निर्देश होतो म्हणून ते बदलावे लागले. नामवंत कंपनी, नामवंत दिग्दर्शक आणि महाराष्ट्राचा लाडका नट असा योग जुळूनही अपेक्षित यश मिळाले नाही. ज्या बालगंधर्वांना पाहण्यासाठी प्रेक्षक येत होता, ते त्याला पडद्यावर दिसेनात. दिसत होता तो पुरुषवेशातील, पंचेचाळिशी ओलांडलेला एक गृहस्थ.

यात माध्यमाचाही वाटा होता. नाटकात प्रेक्षकाची अपेक्षा तेथल्या तेथे पुरी होते. ‘वन्स मोअर’ आला की पद पुन्हा सुरू होते, रंगत वाढत जाते आणि नट व श्रोते मिळून प्रयोग घडवतात. चित्रपटात हा व्यवहारच नाही. नटाने एकदा जे केले ते कायमचे झाले. प्रेक्षकाची दाद त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि नाराजीही उशिरा कळते. बालगंधर्वांचे सारे सामर्थ्य त्या जिवंत देवाणघेवाणीत होते. ‘प्रभात’शी त्यांची भागीदारी या एकाच चित्रपटानंतर संपुष्टात आली आणि ते रंगभूमीकडे परतले. पुढे १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’ या चित्रपटात ते पडद्यावर आले, ते मीराबाईच्या, म्हणजे पुन्हा स्त्रीच्याच भूमिकेत.

तुकाराम झालेले पागनीस

‘धर्मात्मा’चा अनुभव ताजा असताना विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ हाती घेतला आणि तुकोबांसाठी पुन्हा एका स्त्रीपार्टी नटाचीच निवड केली. रूढ व्यापारी हिशेबाने हा धोकाच होता. तरीही पागनीस यशस्वी झाले, याचे एक कारण उघड आहे. ते उत्तम भजन गात; परंतु बालगंधर्वांएवढी प्रतिमा त्यांच्या मागे उभी नव्हती. प्रेक्षकाला पुसून टाकावे असे काही नव्हते. त्याने पागनीसांना पाहिले ते थेट तुकाराम म्हणूनच.

डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या ‘सेंट्रल’ चित्रपटगृहात लागलेला हा चित्रपट तेथे ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेले एक पद तर लोकांनी तुकोबांचाच अभंग समजून स्वीकारले. जे पदाचे झाले तेच नटाचे झाले. पुढे घरोघरी लागलेल्या तुकोबांच्या अनेक तसबिरींत पागनीसांच्या चेहऱ्याची छाया आढळते. नटाला याहून मोठी पावती कोणती मिळणार?

पण या पावतीवरच पुढचा करारही लिहिलेला होता. पागनीसांच्या वाट्याला त्यानंतर आले ते ‘संत तुलसीदास’ (१९३९), ‘नरसी भगत’ (१९४०) आणि ‘महात्मा विदुर’ (१९४३). कंपन्या बदलल्या, भाषा बदलली, संतांचा प्रांतही बदलला. बदलला नाही तो भक्तिभाव. १९४३ मध्येच त्यांचे निधन झाले. त्यांना खलनायक किंवा विनोदी काका साकारता आला असता की नाही, हे सांगणे अशक्य आहे. कारण तशी संधी त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

दिग्दर्शकांनाही हा शिक्का चुकला नाही. दामले–फत्तेलाल या जोडीने पुढे ‘गोपालकृष्ण’ (१९३८) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) दिले. राजा नेने यांच्यासह ‘संत सखू’ (१९४१) केला. ‘संतपट म्हणजे दामले–फत्तेलाल’ असे समीकरणच झाले.

साचा कोणी मोडला?

मग साचा मोडणे अशक्य होते काय? त्याच ‘प्रभात’मध्ये याचे उत्तर सापडते. शांतारामांनी ‘अमृतमंथन’ (१९३४) या भव्य पोशाखी चित्रपटानंतर तीन वर्षांत ‘कुंकू’ (१९३७) हा जरठ-बाला विवाहावरील घरगुती चित्रपट केला; त्यापाठोपाठ ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१). ‘अमृतमंथन’मधील क्रूर राजगुरू साकारणारे केशवराव दाते ‘कुंकू’मध्ये वयस्क नवरा झाले आणि प्रेक्षकांची सहानुभूती घेऊन गेले. ‘शेजारी’च्या हिंदी आवृत्तीत तर हिंदू शेजाऱ्याची भूमिका मझहर खान यांना आणि मुसलमान शेजाऱ्याची गजानन जागीरदार यांना मुद्दाम देण्यात आली.

हे धाडस जमले, कारण नुकसान सोसण्याची ताकद एका संस्थेत होती. शांताराम स्वतः कंपनीचे भागीदार होते. कलावंत मासिक पगारावर होते, स्टुडिओ घरचा होता आणि पुण्यात हक्काचे चित्रपटगृह होते. एक चित्रपट पडला तरी दुसरा उभा राहू शकत होता. ‘धर्मात्मा’नंतर ‘संत तुकाराम’ निघू शकला तो यामुळेच. अर्थात ही व्यवस्था सोन्याची नव्हती. कराराच्या जाचाविरुद्ध शांता आपटे यांनी १९३९ मध्ये ‘प्रभात’च्या दारातच उपोषण केले होते. तरीही ज्याच्या पाठीशी संस्था होती त्याला रूप बदलता आले; ज्याच्याकडे केवळ लोकप्रिय चेहरा होता, त्याला तो चेहराच विकत राहावे लागले.

पुन्हा तेच चित्रपटगृह

‘प्रभात’ कंपनी १९५३ मध्ये बंद पडली. चित्रपटगृह मात्र चालू राहिले आणि मराठी चित्रपटांचे घर ठरले. विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ (१९९१) येथे दीर्घकाळ चालला. महिलांची रीघ लागली आणि अलका कुबल यांच्यावर सोशीक सुनेचा शिक्का कायमचा बसला. पडद्यावर त्या दिसल्या की आता छळ होणार आणि रुमाल काढावा लागणार, हे प्रेक्षक गृहीतच धरू लागला.

त्याच सुमारास लक्ष्मीकांत बेर्डे यांनी उलट प्रयत्न करून पाहिला. ‘धुमधडाका’ (१९८५) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) यांनी त्यांना विनोदाचा बादशहा केले होते. १९९२ मध्ये जब्बार पटेल दिग्दर्शित ‘एक होता विदूषक’मध्ये त्यांनी तमाशातून वर येणाऱ्या, आतून पोखरत जाणाऱ्या हास्यनटाची भूमिका केली. लेखन होते पु. ल. देशपांडे यांचे. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला; गर्दी मात्र लाभली नाही. हसण्यासाठी येणाऱ्या प्रेक्षकाला हसवणाऱ्याचे दुःख नको होते. बेर्डे पुन्हा विनोदाकडे वळले आणि २००४ मध्ये, पन्नाशीतच, हे जग सोडून गेले. चित्रपटातील विदूषकाला जे भोगावे लागले, त्याच्याशी त्याच्या नटाचे नशीब असे जुळले.

यात प्रेक्षकाला गुन्हेगार ठरवणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नाही. कष्टाचे पैसे मोजून येणारा माणूस आवडीची गोष्ट पुन्हा मागतो, यात गैर काही नाही. शिक्का ही कलावंताची पतही असते. तिच्याच जोरावर निर्माता पैसे लावतो आणि वितरक चित्रपटगृह मिळवतो. दोष आहे तो या हिशेबात नव्या प्रयोगाच्या तोट्याला जागाच न ठेवण्यात. आज पगारी कलावंतांची ‘प्रभात’ नाही आणि एकपडदा चित्रपटगृहेही झपाट्याने मिटत आहेत. वेगळी वाट धरणाऱ्याचा तोटा पूर्वी काही काळ तरी एका संस्थेने वाटून घेतला. आता तो एकट्या कलावंताच्या माथी येतो. आवडत्या नटाला अनोळखी रूपात पाहण्यासाठी एक तिकीट काढणे, एवढा तरी वाटा प्रेक्षकाला उचलता येईल. ‘धर्मात्मा’ला तो मिळाला नाही, ‘एक होता विदूषक’लाही नाही.