कॅमेऱ्याचे ओझे आणि खांद्यावरचा पट्टा

छायाचित्रणाचा इतिहास बहुधा भिंगांचा, रसायनांचा आणि प्रकाशाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. काच केव्हा आली, फिल्म केव्हा आली, यंत्र लहान कधी झाले, याच्या नोंदी ग्रंथांतून विपुल आहेत. परंतु कॅमेरा छायाचित्र घेण्यापुरता काही क्षण डोळ्यापाशी असतो आणि उरलेला सारा वेळ तो कोणीतरी वाहून नेत असतो. हे वाहणे कोणाच्या वाट्याला आले आणि ते कोणत्या साधनाने सुसह्य झाले, ही हकीकत मात्र सहसा कोणी सांगत नाही. कॅमेऱ्याचा पट्टा ही दिसायला क्षुल्लक वस्तू आहे. तथापि छायाचित्रकार आणि त्याचे ओझे यांच्यातील नाते कसकसे बदलत गेले, हे तिच्याकडे पाहिले म्हणजे स्पष्ट कळते.

आरंभीच्या काळात कॅमेऱ्याला पट्टा नव्हता, कारण कॅमेरा अंगावर वागवण्याची वस्तूच नव्हती. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची कृती जाहीर झाली आणि पुढील वर्षीच तिचे पडसाद हिंदुस्थानात उमटले. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी एक. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार व्यवसायात उतरले. या मंडळींचे काम मुख्यतः चित्रशाळेतले. कॅमेरा तिपाईवर स्थिर असे आणि माणसे त्याच्यासमोर येऊन बसत.

कॅमेरा घराबाहेर पडला तेव्हा खरी अडचण उभी राहिली. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत तेव्हा सर्वत्र रूढ होत होती. या पद्धतीत काचेवर द्रव लावायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि ती वाळण्यापूर्वीच रसायनात धुवायची. एवढे सर्व पाऊण घटिकेच्या आत उरकावे लागे. म्हणून छायाचित्रकार जाईल तेथे काळोखी खोलीही जात असे. तंबू, काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या, पाण्याची भांडी, जड लाकडी कॅमेरा आणि तिपाई असा संसार त्याच्याबरोबर चाले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आलेला रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळला आणि त्याने घेतलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या चित्रांतील खांब आणि शिल्पे आजही पाहता येतात. वाघुरेच्या त्या दरीत काचेच्या पेट्या ज्यांच्या डोक्यांवरून गेल्या असतील, त्यांचे नाव मात्र कोठे आढळत नाही.

हिमालयात गेलेल्या सॅम्युएल बोर्नची गोष्ट याहून बोलकी आहे. १८६४ च्या काश्मीर प्रवासात त्याच्याबरोबर चाळीसहून अधिक हमाल होते. १८६६ मध्ये त्याने सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. एवढ्या उंचीवर रिकाम्या हाताने चढतानाही छाती भरून येते. तेथे हमालांनी पाठीवर काच आणि रसायने नेली. त्या काळी ओझे वाहणारा एक आणि चित्र घेणारा दुसरा, अशी ही सरळ विभागणी होती. छायाचित्रकाराचे खांदे मोकळे होते, म्हणून त्याला पट्ट्याचा विचार करण्याचे कारण पडले नाही.

ही विभागणी मोडण्याचे श्रेय कोरड्या काचेला आणि त्यानंतर आलेल्या गुंडाळीच्या फिल्मला आहे. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन याने कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. पंचवीस डॉलरांच्या किमतीत या कॅमेऱ्याबरोबर चामड्याची पेटी आणि खांद्यावर अडकवायचा पट्टा मिळत असे. ही बाब लहान असली तरी अर्थपूर्ण आहे. हे यंत्र विकत घेणाराच ते वाहणार आहे, हे त्या पट्ट्याने प्रथमच गृहीत धरले. हमाल गेला आणि त्याच्या जागी वीतभर चामडे आले.

पुढे १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा लोकांसमोर आला. ऑस्कर बार्नाकने सिनेमाच्या फिल्मवर चालणारे हे यंत्र घडवले होते आणि त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास होते. मात्र या पहिल्या लायकाच्या अंगाला पट्टा ओवण्यासाठी कड्याच नव्हत्या. पट्टा असे तो चामड्याच्या वेष्टनाला. वेष्टन काढले की कॅमेरा पुन्हा हातातच धरावा लागे. १९३३ च्या तिसऱ्या नमुन्यात कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना कड्या आल्या आणि पट्टा हा यंत्राचा अवयव झाला. सोव्हिएत संघात लायकाच्या धर्तीवर निघालेल्या फेड आणि झॉर्की या कॅमेऱ्यांच्या आरंभीच्या नमुन्यांतही पट्ट्याची भिस्त वेष्टनावरच होती. यावरून एक गोष्ट दिसते. भिंग आणि झडप यांवर अपार बुद्धी खर्च करणाऱ्या कारागिरांनाही, ही वस्तू माणसाच्या अंगावर दिवसभर राहणार आहे, हे उमगायला वेळ लागला.

त्याच सुमारास, १९२९ मध्ये, दोन भिंगांचा रोलायफ्लेक्स निघाला. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसून पोटापाशी धरून वरून त्यात पाहायचे असते. त्याचा गळपट्टा केवळ वाहण्यासाठी नव्हता. कॅमेरा किंचित खाली दाबून पट्टा ताणला म्हणजे मान, पट्टा आणि दोन हात यांची जणू तिपाई तयार होई आणि मंद प्रकाशातही हात हलत नसे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्या हाती हा कॅमेरा होता, तसाच जड स्पीड ग्राफिकही होता. १९४२ मध्ये त्या दिल्लीस गेल्या आणि १९७० पर्यंत त्यांनी वृत्तछायाचित्रणाचे काम केले. साडी नेसून, सायकलवर सामान लादून त्या समारंभांना जात. स्वातंत्र्याच्या पहाटेची अनेक चित्रे राष्ट्रापाशी आहेत, ती अशा स्वतःच वाहिलेल्या ओझ्यातून आली आहेत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवण्यात आले.

एका भिंगातूनच पाहण्याची सोय असलेले कॅमेरे १९५७ च्या पेंटॅक्सने आणि १९५९ च्या निकॉन एफने सर्वत्र रुळवले. त्यांच्याबरोबर भिंगे लांब आणि जड झाली. आजचा व्यावसायिक कॅमेरा आणि त्यावरचे लांब पल्ल्याचे भिंग मिळून अडीच किलोपर्यंत सहज भरते. हे वजन मानेवर पडले की मान पुढे झुकते. झुकलेल्या मानेवर तेच वजन अधिक जड होते, आणि वाकताच कॅमेरा पुढे झेपावून कठड्यावर आपटतो. दहा मिनिटांच्या कामात हे जाणवत नाही. दहा तासांच्या लग्नसोहळ्यात किंवा मोर्च्यात मात्र दुखरी मान ही व्यवसायाची सोबतीण होऊन बसते. गळ्यातला पट्टा छातीवरून आडवा घ्यावा आणि कॅमेरा कमरेशी लोंबता ठेवावा, ही युक्ती या अनुभवातून पुढे आली. एकविसाव्या शतकात याच युक्तीसाठी खास आडवे पट्टे निघाले, ज्यांवरून कॅमेरा सरकत थेट डोळ्यापर्यंत येतो.

वस्तुतः ही युक्ती आपल्या समाजाला नवी नाही. जानवे डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे जाते, तोच हा मार्ग. एस.टी.च्या कंडक्टरची चामडी पिशवी अशीच आडवी असे. कारण गर्दीत त्याचे दोन्ही हात मोकळे असावे लागत. आषाढी वारीतला पखवाजी आपला पखवाज गळ्यात अडकवून दिवसच्या दिवस चालतो आणि चालताना वाजवतो. त्याचा पट्टा रुंद असतो आणि वाद्य अंगालगत घट्ट असते. ते लोंबत राहिले तर ना ठेका साधेल, ना मजल. कावड वाहणारा दोन्ही टोकांना सारखे वजन ठेवतो. भार रुंद जागेवर पसरावा, तो अंगाजवळ असावा आणि हात मोकळे राहावेत, हे तीन नियम या मंडळींनी कोणत्याही पुस्तकावाचून जाणले होते. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला ते नियम फार उशिरा लागू झाले.

या नियमांची कसोटी पाहायची तर ती कारखान्याच्या गावी पाहावी. भिलाई हे असे गाव आहे. एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेल्या छत्तीसगडचा हा भाग १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, आणि मुंबई-हावडा लोहमार्गावर असल्याने मराठी माणसाला तो कधीच परका वाटला नाही. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नव्या राष्ट्राने ज्या प्रकल्पांची छायाचित्रे अभिमानाने मिरवली, त्यांत पोलादाचे कारखाने अग्रभागी होते. अशा ठिकाणी छायाचित्रकाराला उभ्या लोखंडी शिडीवर दोन्ही हातांनी चढावे लागते. गळ्यातला कॅमेरा तेथे प्रत्येक पायरीवर आदळतो. आडव्या पट्ट्याचा कॅमेरा पाठीशी सारून चढता येते. परंतु तेथेच दुसरा धोकाही आहे. फिरत्या यंत्राजवळ पट्ट्याचे लोंबते टोक अडकले तर आडवा पट्टा अंगावरून चटकन निघत नाही. म्हणून एका दाबासरशी सुटणारे बक्कल आणि आत खोचलेली टोके या तेथे चैनीच्या गोष्टी ठरत नाहीत. धरून ठेवणे आणि वेळ येताच सोडणे, ही दोन्ही कामे एकाच पट्ट्याने करायची असतात.

आज त्याच भिलाईतील वैशाली नगरसारख्या वस्तीत कारखान्याची शिडी चढण्याचा प्रसंग बहुतेकांवर येत नाही. पण लग्नसराईत खांद्यावर कॅमेरा घेऊन हळदीपासून पाठवणीपर्यंत उभा राहणारा छायाचित्रकार तेथेही असतो. पट्टा निवडताना त्याने प्रथम पाहायची गोष्ट म्हणजे सांधे. पट्टा मध्यावर क्वचितच तुटतो. तो निसटतो टोकाला. कित्येक आडवे पट्टे कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या तिपाईच्या छिद्रात स्क्रूने बसवतात. पाव इंच व्यासाच्या आणि इंचाला वीस आटे असलेल्या या छिद्राचे माप जगभर एकच आहे, ही मोठी सोय. मात्र चालताना कॅमेरा झुलतो, फिरतो, आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी स्क्रू सैल होण्याचा संभव असतो. म्हणून स्क्रूखाली रबराची चकती हवी, काम सुरू करण्यापूर्वी तो बोटांनी घट्ट करण्याची सवय हवी, आणि कॅमेऱ्याच्या वरच्या कडीला बांधलेली दुसरी दोरी हवी. एक सांधा निकामी झाला तरी दुसऱ्याने यंत्र वाचते. भिंग फार लांब असेल तर पट्टा कॅमेऱ्याला न जोडता भिंगाच्याच पायाला जोडावा. नाहीतर सारा ताण दोहोंच्या जोडावर येतो. बक्कलातून ओवलेले टोक परत मागे ओवून दोन-तीन बोटे मोकळे ठेवावे. शिवण चौकोनात फुलीची असली तर ती उसवण्याची भीती कमी. धातूची कडी कॅमेऱ्याच्या कडीवर घासून दोहोंची झीज होते. ती वर्षातून एकदा तरी निरखून पाहावी.

सोयीचा विचार यानंतर. तेच वजन एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यावर पेलले तर खांद्यात रुतते. चार सेंटिमीटर रुंदीवर पसरले तर दाब चौथाईवर येतो. मात्र रुंद पट्टा ताठ असला तर त्याची एकच कड रुतते, म्हणून तो खांद्याच्या उताराशी वळणारा असावा. लांबी अशी असावी की कॅमेरा कमरेच्या हाडाशी टेकेल. त्याहून खाली गेला तर तो चालताना मांडीवर आपटतो, वर राहिला तर हात अडतो. रबरी गादीचा पट्टा वजन हलके भासवतो, पण पावलागणिक हिंदकळतो. चामडे अंगाशी मुरते, परंतु कोकणातल्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि विदर्भ-छत्तीसगडच्या वैशाखात ते घामाने कडक होते. १९३५ मध्ये शोधलेल्या नायलॉनचा विणलेला पट्टा ऊनपावसाला दाद देत नाही. फक्त तो सुती सदऱ्यावरून घसरतो, म्हणून खांद्याशी खरखरीत अस्तर हवे. साडी नेसणाऱ्या छायाचित्रकार स्त्रीने खांद्यावरची टाचणी पट्ट्याखाली येणार नाही याची काळजी घ्यावी.

दुकानात रिकामा पट्टा गळ्यात घालून पाहणे व्यर्थ आहे. आपला कॅमेरा आणि आपले सर्वांत जड भिंग लावून, पाव तास चालून, एकदा खाली वाकून आणि एकदा जिना चढून मगच निवड करावी. दोन कॅमेरे वागवणाऱ्याने तर दोन्ही खांद्यांवर सारखा भार घ्यावा, नाहीतर वर्षानुवर्षांत एक खांदा खाली उतरतो.

मणिरंगच्या खिंडीत बोर्नचे लक्ष हिमशिखरांवर राहू शकले, कारण ओझ्याची चिंता इतरांनी वाहिली. आज ती चिंता छायाचित्रकाराची स्वतःची आहे, आणि ते योग्यही आहे. त्याने चांगला पट्टा शोधावा तो एवढ्यासाठी की, नवऱ्यामुलीच्या पाठवणीच्या क्षणी, सोहळ्याच्या दहाव्या तासाला, त्याचे मन दुखऱ्या मानेकडे न जाता समोरच्या चेहऱ्यांकडे असावे.