शालेय नाट्यवर्ग : प्रयोगापेक्षा तालीम मोलाची

शाळेत वार्षिक स्नेहसंमेलनाची चाहूल लागली, की नाटकासाठी मुलांची निवड सुरू होते. ज्याचे पाठांतर चांगले, उच्चार स्वच्छ आणि आवाज खणखणीत, त्याच्या वाट्याला प्रमुख भूमिका येते. उरलेल्यांपैकी काही शिपाई होतात, काही झाडे आणि बाकीचे प्रेक्षक. परिणामी, चारचौघांत बोलण्याच्या सरावाची ज्या मुलाला सर्वाधिक गरज असते, नेमके तेच नाटकापासून दूर राहते. शाळेचा नियमित नाट्यवर्ग ही उणीव भरून काढू शकतो. कारण तेथे निवड नसते, वर्गातील प्रत्येकाची पाळी येते.

मोठा वारसा

मराठी बालरंगभूमीला सहा दशकांहून अधिक काळाचा वारसा आहे. सुधा करमरकर यांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या आश्रयाने १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केले. रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ हे त्याचे पहिले नाटक. दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका असलेल्या सुलभा देशपांडे यांनी पुढे ‘आविष्कार’च्या ‘चंद्रशाला’ या बालविभागातून मुलांना रंगमंचावर आणले. मुलांच्या रोजच्या जगण्यातील प्रश्न मांडणारी बर्लिनची ‘ग्रिप्स’ नाट्यचळवळ डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये पुण्यात रुजवली. राज्य शासनाची बालनाट्य स्पर्धाही होते. मात्र स्पर्धेतील संघ मोजक्या मुलांचा असतो. वर्ग सर्वांचा असतो.

वर्गात नेमके काय घडते?

पहिला लाभ वाणीचा. न ओरडता शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोहोचवावा, वाक्य कोठे तोडावे, श्वास कधी घ्यावा, हे मूल सरावाने शिकते. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतील ‘च’ निराळा, ‘ळ’ आणि ‘ल’ वेगळे, हे पुस्तकातून सांगून कळत नाही. संवाद म्हणताना कानाला कळते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी हा सराव विशेष मोलाचा ठरतो.

दुसरा लाभ ऐकण्याचा. आपले वाक्य केव्हा येणार, हे समोरच्याच्या वाक्यावर अवलंबून असते. सोबती मध्येच अडखळला, तर त्याला सावरून घ्यावे लागते. तेथे एकट्याची हुशारी पुरत नाही.

तिसरा लाभ दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याचा. वर्गात इतरांना चिडवणाऱ्या मुलाला तालमीत चिडवल्या जाणाऱ्या मुलाची भूमिका दिली, तर उपदेशाने न साधणारी गोष्ट कधीकधी साधून जाते.

शिवाय नाटक केवळ नटांचे नसते. नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत यांनाही हात लागतात. रंगमंचावर यायला कचरणारी मुलगी नेमक्या क्षणी संगीत सुरू करण्याची जबाबदारी घेते, तेव्हा सारा प्रयोग तिच्यावर विसंबून असतो आणि याची तिलाही जाणीव असते.

संशोधन काय सांगते?

कॅनडातील टोरंटो विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ मध्ये सहा वर्षांच्या १४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना संगीताचे, काहींना नाट्याचे धडे दिले, तर काहींना यांपैकी काहीच दिले नाही. संगीत शिकणाऱ्या मुलांच्या बुद्ध्यंकात इतरांहून किंचित अधिक वाढ दिसली. नाट्य शिकणाऱ्यांच्या सामाजिक वर्तनात सुधारणा आढळली. ती संगीताच्या गटांत दिसली नाही. अ‍ॅन पॉडलॉझ्नी यांनी २००० मध्ये ८० अभ्यासांचा आढावा घेतला. वर्गात नाट्य करण्याचा मुलांच्या भाषिक कौशल्यांशी स्पष्ट संबंध त्यांना आढळला. नाट्यवर्गामुळे गणिताचे गुण वाढतील, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

पालकांनी काय पाहावे?

वर्गात प्रत्येक मुलाला बोलण्याची संधी मिळते का, चुकणाऱ्याची थट्टा तर होत नाही ना, भूमिका आलटून-पालटून दिल्या जातात का, याची चौकशी करावी. केवळ बक्षिसासाठी मुलांना रात्री उशिरापर्यंत राबवणारी तालीम टाळलेली बरी. ‘दिग्दर्शकाने सांगितले तसेच म्हण’ एवढ्यावर वर्ग थांबत असेल, तर मुलाच्या हाती पाठांतराखेरीज फारसे काही लागत नाही.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने नाट्यासह कलाशिक्षणाला शालेय शिक्षणात स्थान देण्याचा आग्रह धरला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातील कडक भिंत नाकारली. यासाठी भव्य रंगमंदिर लागत नाही. बाके बाजूला सरकवलेली एक वर्गखोली, आठवड्यातील दोन तासिका आणि मुलांचे ऐकून घेणारा शिक्षक एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. या वर्गातून नट किती घडले, हे मोजण्यापेक्षा जूनमध्ये उभे राहून स्वतःचे नाव सांगायला घाबरणारे मूल मार्चमध्ये हात वर करून प्रश्न विचारते का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.